डिझेल वाचते, जीवही

शनिवार पेठेतून पुस्तकांचे गठ्ठे घेऊन मुंबईला निघालेला पिकअप द्रुतगती मार्गाला लागला, की चालकाचा पाय ॲक्सिलरेटरवर जड होतो. हा मार्ग सुमारे ९४ किलोमीटरचा. ताशी ८० ऐवजी १०० किलोमीटरने धावल्यास सगळी मिळून १४ मिनिटे वाचतात. हवेचा विरोध मात्र वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात, म्हणजे दीडपटीहून अधिक वाढतो. गठ्ठे टपाच्या वर रचले असतील तर आणखीच. तेवढे डिझेल जास्त जळते. टक्कर झाल्यास शरीराला सोसावी लागणारी ऊर्जाही याच हिशेबाने वाढते. बरगड्या, यकृत, मेंदू यांची सहनशक्ती मात्र तेवढीच राहते. मालकाने ‘लवकर पोहोच’ म्हणण्यापेक्षा गाडीच पंधरा मिनिटे आधी सोडावी. घाईचे डिझेल मालक भरतो. जखम चालकाच्या वाट्याला येते.