करवतीची सूचना मराठीतही हवी

बेळगाव-खानापूर भागातील आमची कितीतरी मुले लाकूडकामात पोट भरतात. वरच्या आडव्या दांड्यावर सरकणारी 'रेडियल आर्म' करवत ओढताना पाते लाकडात चढून कामगाराच्याच अंगावर धाव घेते. म्हणून लाकूड मागच्या पट्टीला घट्ट टेकवावे, हात पात्याच्या वाटेपासून वीतभर दूर ठेवावा, काप होताच करवत मागे सारावी, पाते थांबल्याखेरीज तुकडा उचलू नये. पण न समजणाऱ्या भाषेत लिहिलेले हे कामगाराला कळायचे कसे? १९४८ च्या कारखाना कायद्याचे १०८ वे कलमही सूचना इंग्रजीबरोबर बहुसंख्य कामगारांना समजणाऱ्या भाषेत लावा, असेच सांगत होते. कन्नड फलकाला आमचा विरोध नाही. शेजारी चार मराठी ओळी हव्यात. तुटलेले बोट कोणत्याच भाषेत परत येत नाही!