संक्रांत आणि वर्गातला पडदा

पौष लागला की शाळाशाळांतून संक्रांतीची लगबग सुरू होते. जेथे प्रक्षेपक आणि संगणक पोचले आहेत, तेथे हल्ली संक्रांतही पडद्यावर येते. तिळगुळाची वाटी, पतंगांनी भरलेले आकाश, मागे एखादे गाणे. मुले टाळ्या वाजवितात आणि तास संपतो. एवढ्यासाठी वीज खर्चण्याचे कारण नव्हते. तिळगुळाची वाटी मुलांच्या घरी असतेच. जे नुसत्या डोळ्यांना दिसत नाही ते दाखविणे हे यंत्राचे काम, आणि संक्रांतीत असे न दिसणारे पुष्कळ आहे.

संक्रांतीपासून उत्तरायण सुरू होते, असे मुलांना अजूनही सांगितले जाते. वस्तुतः सूर्य उत्तरेकडे वळतो तो २१ वा २२ डिसेंबरला. संक्रांत येते १४ किंवा १५ जानेवारीला. मधले हे तीन आठवडे गेले कोठे? ‘स्टेलॅरियम’ हा आकाशदर्शनाचा संगणकीय कार्यक्रम विनामूल्य मिळतो. त्यात भरदिवसा सूर्यामागचे तारे पाहता येतात. काळ सुमारे सतराशे वर्षे मागे नेला, तर आज संक्रांतीला सूर्य ज्या तारकांपाशी असतो, त्यांच्यापाशीच तो तेव्हा उत्तरेकडे वळण्याच्या दिवशी असलेला आढळतो. पृथ्वीचा आस भोवऱ्यासारखा डोलतो. त्याचे एक आवर्तन सुमारे २६,००० वर्षांचे. म्हणून संक्रांत साधारण ७२ वर्षांनी एक दिवस पुढे सरकते. मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखालील पंचांग सुधारणा समितीपुढे हाच पेच होता, आणि १९५७ पासून चालू असलेल्या राष्ट्रीय दिनदर्शिकेत पौषाचा पहिला दिवस २२ डिसेंबर हा आहे. टिळक पंचांग पाळणाऱ्या घरांत तर संक्रांत १० जानेवारीच्या सुमारासच होऊन जाते!

हा हिशेब गणिताच्या वहीतून इतिहासाच्या तासाला न्यावा. पानिपतचा संग्राम १४ जानेवारी १७६१ रोजी झाला, म्हणून तो संक्रांतीच्या दिवशी झाला, असे आपण सर्रास बोलतो. दर ७२ वर्षांस एक दिवस या प्रमाणाने मुलांनी मागे मोजत जावे. त्या वर्षीची संक्रांत लढाईच्या सुमारे चार दिवस आधीच होऊन गेली होती, असे उत्तर निघते. वडीलधाऱ्यांच्या तोंडचे विधान स्वतः तपासून पाहण्याचा असा आनंद आमच्या शाळांतील किती मुलांच्या वाट्याला येतो?

पोंगल, बिहू, लोहडी ही त्याच सूर्याची भावंडे नकाशावर सहज दाखविता येतील. राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ मध्ये ज्या नायलॉन मांजावर बंदी घातली, तो तुटत का नाही आणि पक्ष्याचा पंख कसा कापतो, हा विज्ञानाचा धडा आहे. गोड बोलण्याच्या या सणाच्या नावाने ‘संक्रांत येणे’ म्हणजे संकट ओढवणे असा अर्थ का घ्यावा, हे मराठीच्या शिक्षकाने विचारावे. हळदीकुंकवाला वर्गातल्याच एखाद्या मुलाची विधवा आई का बोलावली जात नाही, हा प्रश्न मात्र कोणताही पडदा सोडविणार नाही. त्याला शिक्षकाची छाती लागते.

सर्वच शाळांत यंत्रे कोठे आहेत, असा आक्षेप येईल. तो रास्त आहे. परंतु डिसेंबरपासून अंगणात काठी रोवून रोजची मध्यान्हीची सावली मोजण्यास काहीच खर्च येत नाही. खरी उणीव वेगळी आहे. मराठी मुलांसाठी कार्यक्रम तयार करणारी पुण्याची ‘बालचित्रवाणी’ १९८४ साली सुरू झाली आणि २०१७ मध्ये बंद पडली. यंत्रे वाढली आणि त्यांना मराठी आशय पुरविणारे घर मोडले, हा उफराटा कारभार आहे. शिक्षण खात्याने येत्या डिसेंबरपूर्वी निदान एवढे करावे: आठ-दहा जाणत्या शिक्षकांना मोकळीक देऊन संक्रांतीवरचे असे चार पाठ त्यांच्याकडून मराठीत करून घ्यावेत आणि ‘दीक्षा’ या शासकीय व्यासपीठावर ते सर्वांना खुले करावेत. त्यासाठी नवी यंत्रखरेदी करावी लागणार नाही.