पोरांना हेल्मेट, पोरांनाच उपदेश. गाडी कोण देणार?

जानेवारी आला की रस्ता सुरक्षेचं पीक येतं. शाळेत पोलीसकाका येतात, चित्रकला स्पर्धा होते, मुलं हात पुढे करून शपथ घेतात, फोटो निघतो, संपलं. शपथ घेतं कोण? ज्याच्या हातात रस्ता नाही, गाडी नाही, गाडीची वेळही नाही, असं आठवीतलं पोर. माझं म्हणणं सरळ आहे. शाळेच्या वाटेवरची सगळी जबाबदारी मुलांच्या गळ्यात घालणं ही पळवाट आहे. प्रबोधन करायचंच असेल, तर ज्यांच्या सहीने गाडी सुटते त्यांचं करा.

मी गौतमपुऱ्याची. इंदूर जिल्हा, देपालपूर तालुका. 'सीमाभागाच्या पेजवर ही इंदूरवाली कशाला?' असं वाटेल. 1 नोव्हेंबर 1956 ला रेघा ओढल्या गेल्या तेव्हा बेळगाव म्हैसूर राज्यात गेलं आणि होळकरांचा मुलूख मध्य प्रदेशात. तुमच्याकडे लढा उभा राहिला, आमच्याकडे नाही. पण घरात मराठी आणि दारात दुसरं राज्य, हे तुमचं-आमचं सारखंच.

आमचं गाव प्रसिद्ध आहे हिंगोट युद्धासाठी. दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी गौतमपुऱ्याचे 'तुर्रा' आणि रुणजीचे 'कलंगी' एकमेकांवर जळते हिंगोट फेकतात. वाळवलेलं, पोकळ केलेलं हिंगणाचं फळ, आत दारू भरलेली. त्या संध्याकाळी प्रेक्षकांपुढे जाळ्या लागतात, पोलीस असतात, रुग्णवाहिका आणि अग्निशमनची गाडी उभी असते. म्हणजे जीव वाचवायची अक्कल सरकारला आहे, माणसं आणि पैसाही आहे. मग वर्षातून एका संध्याकाळी जे जमतं, ते रोज सकाळी शाळेच्या फाट्यावर का जमत नाही? कारण तिथे कॅमेरे नसतात.

आता अहिल्याबाईंचं घ्या. गौतमपुरा वसवलं ते मल्हाररावांच्या पत्नी गौतमाबाईंनी, म्हणजे अहिल्याबाईंच्या सासूने. 2025 हे अहिल्याबाईंचं त्रिशताब्दी वर्ष. महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने मे महिन्यात चौंडीला बैठक घेतली, मध्य प्रदेशाच्या मंत्रिमंडळाने इंदूरच्या राजवाड्यात. महाराष्ट्रात निदान त्यांच्या नावाने ग्रामीण मुलींना बारावीपर्यंत एसटीचा मोफत पास मिळतो. आणि ज्या माळव्यावर त्यांनी राज्य केलं तिथे? मध्य प्रदेशाने आपलं परिवहन महामंडळ 2005 मध्येच बंद करायला घेतलं. पास काढायला आधी सरकारी गाडी तर हवी! खासगी बसवाल्याला पूर्ण तिकिटाची सवारी हवी, दप्तरवाली नको. सहावी आणि नववीत सरकार सायकल देतं, पण त्या सायकलने ट्रकच्या शेजारून जायचं. एप्रिल 2025 मध्ये नव्या बससेवेला मंजुरी मिळाली म्हणतात. मंजुरीत बसून कुणी शाळेत जात नाही.

नियम नाहीत असंही नाही. 1997 मध्येच सर्वोच्च न्यायालयाने शाळेच्या बससाठी वेगनियंत्रक, ताशी 40 ची मर्यादा, अनुभवी चालक असं सगळं सांगून ठेवलंय. तरी 5 जानेवारी 2018 ला इंदूरच्या बायपासवर शाळेची बस दुभाजक ओलांडून ट्रकवर आदळली. चार मुलं आणि चालक गेले. शपथ त्या मुलांनीही घेतली असेल. उपयोग काय झाला?

सीमाभागात तर आणखी एक तऱ्हा. तणाव झाला की पहिली बंद पडते ती बस. डिसेंबर 2022 मध्ये तेच. फेब्रुवारी 2025 मध्ये बेळगाव तालुक्यात वाहकाला मारहाण झाली, चित्रदुर्गात एसटीच्या चालकाला काळं फासलं गेलं आणि दोन्हीकडच्या फेऱ्या थांबल्या. निपाणीहून कोल्हापूरला, चंदगडहून बेळगावला शिकायला जाणाऱ्यांनी काय करायचं? मिळेल त्या वडापला लटकायचं. भांडण मोठ्यांचं, जीव पोरांचा.

'भाषेचा प्रश्न एवढा मोठा आणि तू बसचं काय घेऊन बसलीस?' असं कुणी म्हणेल. अहो, बस हाच भाषेचा प्रश्न आहे. ज्या शाळेची गाडी दारात येते, त्या शाळेत पोर जातं. इंग्रजी शाळेची व्हॅन दारात येते, मराठी शाळेला मात्र फाट्यापर्यंत चालत जायचं. पट कमी होतो आणि मग शाळाच बंद. आपण म्हणतो आईबाप बदलले. आईबाप फक्त घाबरलेत. मुलींचं तर विचारूच नका. शिक्षणहक्क कायदा आठवीपर्यंत आणि लांबची वाट नववीपासून. तिथेच घरचे म्हणतात, पुरे झालं.

म्हणून गावागावात जायचं तर पत्रकं वाटायला नको, मोजायला जा. आम्ही चार-पाच जण इथे तेच करतोय. एक आठवडा सकाळी फाट्यावर उभे राहा. किती पोरं थांबली, गाडी किती वाजता आली, किती जणांना न घेता गेली, किती जण ट्रॉलीत चढले, वहीत लिहा. ती वही शाळा व्यवस्थापन समितीपुढे ठेवा. तिथे तीन चतुर्थांश सदस्य पालकच असतात. ग्रामसभेत ठराव घ्या आणि तो ठराव आगारात नेऊन पोच घ्या. तिकडे एसटीचं आगार, इकडे वायव्य कर्नाटक परिवहनचं. कागदाचं उत्तर दोन्हीकडे मागत राहा. आणि आपल्याच संघटनांकडे एक मागणी करा: बंद कुणाचाही असो, विद्यार्थ्यांची गाडी अडवायची नाही.

सीमेचा दावा सर्वोच्च न्यायालयात गेला 2004 मध्ये. त्या वर्षी पहिलीत गेलेलं पोर शिकून नोकरी शोधायला लागलं, निकाल अजून नाही. निकाल लागेल तेव्हा लागेल. पण उद्या सकाळची गाडी उद्याच लागते. त्यासाठी न्यायालयाची तारीख लागत नाही, फाट्यावर उभं राहणारी चार माणसं लागतात. तुमच्या फाट्यावर कोण उभं राहणार, ते आजच ठरवा.