भाकरी कमी करा, पण वाढायचे काय?

आज १४ नोव्हेंबर. इन्सुलिनच्या शोधाचे मानकरी फ्रेडरिक बँटिंग यांचा जन्मदिवस जगभर मधुमेह दिन म्हणून पाळला जातो. अमरावती-अकोल्यातही आज साखर तपासणीची शिबिरे लागतील आणि ‘साखर बंद, भात-पोळी कमी’ असा सल्ला दिला जाईल. सल्ला योग्यच आहे. पण परतवाड्याहून घाट चढून तो मेळघाटातील सेमाडोहच्या कोरकू आदिवासी घरात पोहोचला की चुलीजवळ बसलेली बाई साधा प्रश्न विचारील : भाकरी काढली, तर ताटात उरते काय?

आधी सल्ल्याची बाजू समजून घेऊ. पिठूळ आणि गोड पदार्थांतील कर्बोदकांची पोटात साखर होते. दुसऱ्या प्रकारच्या मधुमेहात शरीर इन्सुलिनला पुरेशी दाद देत नाही, त्यामुळे ही साखर रक्तात साचते. ताटातली कर्बोदके उतरली की रक्तातली साखरही उतरते. दिवसाला १३० ग्रॅमपेक्षा कमी कर्बोदके असतील, तर त्या आहाराला ढोबळमानाने कमी कर्बोदकांचा म्हणतात. पहिल्या सहा महिन्यांत त्याचा गुण ठळक दिसतो. वर्षभराने तो ओसरू लागतो, कारण पथ्य टिकवणे अवघड असते. विदर्भाला हा विषय नवा नाही. विदर्भातलेच दिवंगत डॉ. श्रीकांत जिचकार यांची मांडणी पुढे नेत डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी दोन वेळच्या जेवणाचा प्रचार केला आणि त्यातून ‘इन्सुलिन’ हा शब्द मराठी घरांत रुळला. त्या पद्धतीवर वाद आहेत, पण औषधाच्या गोळीइतकाच ताटाचाही विचार करायचा असतो, हे तिने लोकांच्या गळी उतरवले.

इथे एक सोयीचा समज दूर करायला हवा. पोळी सोडून ज्वारीची भाकरी किंवा भात सोडून कुटकी खाल्ली की काम भागले, असे अनेकांना वाटते. कुटकी मेळघाटाचे जुने धान्य आहे, तंतुमय आहे, ते टिकलेच पाहिजे. पण शंभर ग्रॅम ज्वारीतही ६५ ग्रॅमहून अधिक कर्बोदके असतात. ‘आयसीएमआर-इंडियाब’ या देशव्यापी पाहणीचे २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेले निष्कर्ष याबाबत स्पष्ट आहेत. भारतीयांच्या आहारातील सुमारे ६२ टक्के ऊर्जा कर्बोदकांतून येते. त्यांचे एकूण प्रमाण तेवढेच ठेवून नुसते धान्य बदलले, तर मधुमेहाचा धोका घटलेला दिसत नाही. थोड्या कर्बोदकांची जागा डाळी, दूध, अंडी यांतल्या प्रथिनांनी घेतली, तर तो घटतो.

नेमकी हीच जागा सेमाडोहच्या ताटात रिकामी आहे. प्राधान्य कुटुंबाला कंट्रोलच्या दुकानातून महिन्याला माणशी ५ किलो धान्य फुकट मिळते. रोजचे साधारण १६५ ग्रॅम. एवढ्या गहू-तांदळातच सुमारे १२० ग्रॅम कर्बोदके भरतात. १३० ग्रॅमची मर्यादा सरकारी धान्यानेच जवळपास संपते. अंत्योदय कुटुंबाला ३५ किलो मिळते. घरात पाच माणसे असतील तर माणशी आकडा मर्यादेच्या बराच वर जातो. उपासमार रोखणारे हे धान्य हवेच. पण त्याच्या जोडीला नियमित डाळ नाही, शेंगदाणे नाहीत, अंडी नाहीत. जे फुकट मिळते ते साखर वाढवते आणि जे साखर आवरते ते विकत घ्यावे लागते. अशा घरात ‘पथ्य पाळत नाही’ म्हणून रोग्यावर डाफरणे सोपे आहे, न्याय्य नाही. विसंगती अशी की वऱ्हाड हा तूर-हरभऱ्याचा मुलूख आहे आणि अकोला डाळ गिरण्यांसाठी ओळखला जातो.

मेळघाटात कुपोषणाची चिंता करायची की मधुमेहाची, असाही प्रश्न येईल. पण हे दोन वेगळे प्रश्न नाहीत. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी नव्वदच्या दशकापासून पुण्याजवळच्या खेड्यांतील माता-बालकांचा अभ्यास केला. तिथली बाळे जन्मतः सरासरी २.७ किलोची होती. स्नायू कमी, पण चरबी मात्र तुलनेने राखलेली. असे शरीर पुढे मधुमेहाकडे लवकर झुकते. त्याच दशकात मेळघाटातील बालमृत्यूंनी राज्य हादरले होते. त्या वेळी जगलेली मुले आज तिशीत आहेत. आज बालदिनही आहे, हे शिबिरांच्या आयोजकांनी ध्यानात ठेवावे : गरोदर बाईच्या ताटातली डाळ म्हणजे पुढच्या पिढीच्या मधुमेहाचाही विचार असतो.

डोंगरात आणखी दोन बाबतींत सावधगिरी लागते. ग्लिमेपिराइडसारखी गोळी किंवा इन्सुलिन चालू असताना डॉक्टरांना न विचारता भाकरी बंद केली, तर साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते. घाम फुटतो, हातपाय थरथरतात, माणूस बेशुद्धही पडतो. पावसाळ्यात रस्ता बंद असताना हे जिवावर बेतू शकते. दुसरे म्हणजे तपासणी. तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी ‘एचबीए१सी’ चाचणी सिकलसेल किंवा रक्तक्षय असलेल्यांत फसवू शकते. विदर्भातील आदिवासींत दोन्ही आढळतात. तिथे उपाशीपोटी आणि जेवणानंतरची साखर मोजूनच निर्णय घ्यायला हवा.

मागणी अवास्तव नाही. आदिवासी भागातील गरोदर आणि स्तनदा मातांना ‘अमृत आहार’ योजनेतून २०१५ पासून गरम जेवण मिळते आणि लहान मुलांना अंडी दिली जातात. २०२२ च्या दिवाळीत ‘आनंदाचा शिधा’ म्हणून चणाडाळही वाटली गेली. सोबत एक किलो साखर होती, हा भाग वेगळा. म्हणजे डाळ रेशनवर आणता येते, हे सरकारने स्वतःच दाखवले आहे. आता ती सणापुरती न ठेवता चिखलदरा आणि धारणी तालुक्यांत दरमहा द्यावी. शक्यतो वऱ्हाडातल्या शेतकऱ्यांकडून हमीभावाने घेतलेली तूर-हरभऱ्याची डाळ द्यावी, सोबत शेंगदाणे द्यावेत. आरोग्य केंद्रात मधुमेहींची नोंद ठेवावी, गोळ्यांचे प्रमाण आहारानुसार बदलावे आणि सल्ला कोरकूत द्यावा. वर्षभराने किती जणांची साखर उतरली, ते मोजून जाहीर करावे. तोवर सल्ल्याची पत्रके छापण्याचा खर्च डाळीकडे वळवला, तरी चालेल.