वर्गाचे स्थायी आदेश

सत्राच्या पहिल्या आठवड्यात श्रमसंबंधाच्या वर्गात एक छापील कागद वाटला जातो. वर विषयाचे नाव, मध्ये गुणांची विभागणी आणि खाली नियम. हजेरी ७५ टक्के. दहा मिनिटांनंतर येणारा गैरहजर. मुदतीनंतर ट्युटोरिअल स्वीकारले जाणार नाही. गटप्रकल्पात सर्वांना सारखे गुण. नक्कल आढळल्यास शून्य. शेवटी ठळक अक्षरांत : विभागाचा निर्णय अंतिम राहील. आणि पुढच्याच तासाला फळ्यावर व्याख्या लिहिली जाते की, सामुदायिक वाटाघाट म्हणजे कामाच्या अटी दोन्ही पक्षांनी समोरासमोर बसून ठरविणे. आम्ही ती व्याख्या निमूटपणे वहीत उतरवून घेतो. हा कागद आणि ती व्याख्या एकाच वहीत सुखाने नांदतात, याचे मला नेहमी नवल वाटत आले आहे.

नियमच नकोत, असे म्हणणाऱ्यांपैकी मी नाही. नियमांवाचून वर्ग चालत नाही आणि गिरणीही चालत नाही. प्रश्न आहे तो नियम कोणी, कसे आणि कोणाला विचारून केले हा. वस्तुतः आपल्या विषयाचा निम्मा इतिहास याच प्रश्नाभोवती घडलेला आहे. मुंबईच्या गिरण्यांत एके काळी कामावर कोणाला घ्यायचे आणि कोणाला हाकलायचे, हे बव्हंशी जॉबरच्या मर्जीवर चाले. ही मर्जी कागदावर आणून तिला सरकारी मंजुरीचा लगाम घालण्याचा एक महत्त्वाचा प्रयत्न मुंबई इलाख्यात १९३८ च्या औद्योगिक विवाद कायद्याने झाला. आपला बेळगाव जिल्हा तेव्हा त्याच इलाख्यात होता. पुढे १९४६ साली औद्योगिक रोजगार (स्थायी आदेश) कायदा साऱ्या देशासाठी आला.

हा कायदा आम्ही परीक्षेपुरता पाठ करतो, पण त्यातली कार्यपद्धती लक्ष देऊन वाचण्याजोगी आहे. मालकाने नियमांचा मसुदा करावा. प्रमाणन अधिकाऱ्याने तो कामगार संघटनेकडे आणि संघटना नसेल तर कामगारांकडे पाठवावा. हरकती मांडायला त्यांना १५ दिवस मिळावेत. १९५६ च्या दुरुस्तीनंतर तर नियम न्याय्य व वाजवी आहेत की नाहीत, हेही अधिकाऱ्याने तपासायचे. मंजूर झालेले आदेश इंग्रजीत आणि बहुसंख्य कामगारांना समजणाऱ्या भाषेत प्रवेशद्वाराजवळच्या फलकावर लावायचे. आणि एकदा अमलात आले की परस्परसंमतीखेरीज सहा महिने त्यांत बदल करायचा नाही. सहा महिने म्हणजे जवळजवळ आपले एक सत्र! हा कायदा आता २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेत सामावला गेला आहे आणि ती संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली आहे. तरी मसुदा आधी, विचारविनिमय नंतर आणि मंजुरी शेवटी हा क्रम तिनेही मोडलेला नाही.

आता दहा मिनिटांच्या नियमाकडे वळू. आमच्या वर्गातले काही जण उद्यमबागेत फौंड्रीत किंवा मशीनशॉपमध्ये रात्रपाळी करून सकाळी आठच्या तासाला येतात. पाळी सातला सुटते. पण बदलीचा माणूस उशिरा आला, बस चुकली, की आठचे सव्वाआठ होतात. हिशेब साधा आहे. आठवड्याला चार तास धरले तर पंधरा आठवड्यांचे ६० तास होतात. त्यांतले ४५ भरायलाच हवेत, म्हणजे १५ चुकलेले चालतात. आठवड्यातून एकदा पाच मिनिटे ज्यादा उशीर झाला, तर हे पंधराही तास संपले. मग सत्रात एक दिवस ताप आला की परीक्षेचा अर्ज अडला. हा विद्यार्थी साठांपैकी एकोणसाठ तासांना वर्गात येऊन गेलेला असतो, हे हजेरीपटावर कुठेच दिसत नाही.

कारखान्यात असे करता येत नाही. १९३६ च्या वेतन प्रदान कायद्याने सांगितले होते की, गैरहजेरीबद्दलची कपात गैरहजर राहिलेल्या वेळेच्या प्रमाणाबाहेर असता कामा नये. नव्या वेतन संहितेतही ते तत्त्व कायम आहे. म्हणजे पाव तास उशिरा आलेल्या कामगाराची पाव तासाची मजुरी कापता येते, पाळीची नाही. आम्ही मात्र याच विषयाच्या तासाला पाव तासासाठी पुरा तास गमावतो. ७५ टक्क्यांची अट विद्यापीठाची आहे, ती विभागाच्या हातात नाही, हे मान्य. परंतु ‘उशीर’ कशाला म्हणायचे आणि दोन उशीर मिळून एक गैरहजेरी धरायची की काय, हे वर्गात बसून ठरविता येण्यासारखे आहे.

माझ्या मनाला अधिक लागते ती गोष्ट निराळीच. हा मित्र रात्री जिथे काम करतो ती जागा दहा-वीस माणसांची. मूळ कायदा सर्वसाधारणपणे १०० कामगारांपासून लागू होई. नव्या संहितेने स्थायी आदेशांसाठी ती मर्यादा ३०० वर नेली आहे. म्हणजे तिथे नियम म्हणजे मालकाच्या तोंडचा शब्द. लेखी नियम, हरकत, सुनावणी हे शब्द तो फक्त आपल्या वर्गात ऐकतो. निदान एका ठिकाणी तरी त्याला ते प्रत्यक्ष चालताना दिसायला नकोत काय?

काही प्राध्यापक म्हणतील, शिक्षक म्हणजे मालक नव्हे आणि विद्यार्थी म्हणजे कामगार नव्हे. खरे आहे. आमच्या घामावर कोणी नफा कमावीत नाही, आणि काय शिकवायचे, किती खोल शिकवायचे, उत्तराला किती गुण द्यायचे याचा सौदा होऊ नये असेच माझेही मत आहे. नक्कल करणाऱ्याला शून्य मिळावे. मग ती शेजाऱ्याच्या वहीतून केलेली असो की यंत्राकडून निबंध लिहून घेऊन केलेली असो. मात्र त्या शून्याआधीही आरोप लेखी सांगावा आणि मुलाचे म्हणणे ऐकून घ्यावे. नमुना स्थायी आदेशांत तर शिक्षा ठरविताना गुन्ह्याचे गांभीर्य, पूर्वीची वागणूक आणि परिस्थिती पाहावी असे स्पष्ट आहे. एवढा विचार आमच्या वाट्याला यायला आम्ही कामगार असणे आवश्यक नाही.

विद्यार्थिमित्रांनाही चार शब्द सुनावले पाहिजेत. दर सत्राला आपल्याकडे वाटाघाटीचे प्रात्यक्षिक होते. अर्धा वर्ग व्यवस्थापन, अर्धा वर्ग युनियन. काल्पनिक कंपनी, काल्पनिक ताळेबंद. युनियनवाले पगार दुप्पट मागतात, व्यवस्थापनवाले टेबलावर मूठ आपटून नाही म्हणतात, मागच्या बाकावरून घोषणा होतात आणि स्नेहसंमेलनातला प्रवेश संपावा तसे सगळे हसत चहाला जातात. तयारी कोणाचीच नसते. मागणीपत्र आदल्या रात्री कोणीतरी एकट्याने लिहिलेले असते, तरी गुण सर्वांना सारखे. (गटप्रकल्पाच्या नियमावर पहिली हरकत त्या एकट्यानेच घ्यायला हवी!) आणि एखादा नियम जाचक वाटला की आपण करतो काय? मास बंक. नव्या संहितेत ५० टक्के किंवा अधिक कामगारांनी ठरवून एकाच दिवशी किरकोळ रजा घेतली तर तो संप समजला जातो, आणि संपाला १४ दिवसांची पूर्वसूचना लागते. ही तरतूद योग्य की अयोग्य, यावर वर्गात जरूर भांडावे. मला स्वतःला ती कामगारांवर अन्याय करणारी वाटते. पण ज्यांनी मागणी काय आहे हे एका ओळीतही लिहून दिलेले नाही, त्यांच्या बंकला संप म्हणणे हा संपाचाच अपमान आहे.

म्हणून सुचवावेसे वाटते की, ते काल्पनिक कंपनीचे प्रात्यक्षिक बंद करून त्याच तासांत खऱ्या नियमांची वाटाघाट व्हावी. विभागाने मसुदा द्यावा. वर्गाने प्रतिनिधी निवडावेत, ते केवळ पहिल्या बाकावरचे नसावेत. रात्रपाळी करणारा एक आणि गावाहून बसने येणारी एक तरी त्यांत असावी. हरकती लेखी आणि कारणांसह असाव्यात. जे विद्यापीठाच्या हातात आहे ते बाजूला काढावे, जे शिक्षकाच्या अधिकारातले आहे त्यावर त्यांनी फक्त खुलासा करावा आणि उरलेल्यावर बोलणी व्हावीत. तडजोड झाली की दोन्ही बाजूंनी सह्या कराव्यात, आणि मग सत्र संपेपर्यंत ना शिक्षकांनी त्यात बदल करावा, ना आम्ही सवलत मागावी. तक्रारींसाठी दोन शिक्षक व दोन विद्यार्थी अशी छोटी समिती पुरे. वीस किंवा अधिक कामगारांच्या आस्थापनेत समसमान प्रतिनिधींची तक्रार निवारण समिती असावी असे संहिता सांगते. आमचा वर्ग तर त्याहून मोठा आहे.

भाषेचे काय, हा प्रश्न आपल्याकडे टाळता येणार नाही. नियमांचा कागद आजवर इंग्रजीतच निघत आला. वर्गात मराठी आणि कन्नड दोन्ही घरांतली मुले आहेत, आणि उद्यमबागेत एकाच यंत्रावर दोन्ही भाषा बोलणारी माणसे शेजारी शेजारी उभी असतात. फलकावर मराठी आणि कन्नड दोन्ही प्रती लागाव्यात. भाषांतर आम्हीच करू. ‘मिसकंडक्ट’ला गैरवर्तन म्हणावे की गैरशिस्त, आणि कन्नडमध्ये नेमके काय म्हणावे, यावर दोन्ही विभागांतल्या मुलांनी एक दुपार वाद घातला, तर त्या दुपारी शब्दाचा अर्थ जितका उमगेल तितका गाइड वाचून उमगणार नाही.

पुढच्या सत्राचा मसुदा जुने सत्र संपण्यापूर्वी सूचनाफलकावर लागला, तर हरकतींसाठी पंधरा दिवस सहज मिळतील.