वाटणी वडिलांच्या डोळ्यांदेखत व्हावी



कापसाला भाव नाही, ज्वारीचा खर्च निघत नाही, याचा जाब सरकारला विचारायचा आणि तो आपण विचारतोच. पण सातबाऱ्यावर कोणाचे नाव लागावे हे आपल्या घरात ठरते. तिथली हयगय लेकरांना भोवते.

कळंब-परंड्यापासून उमरग्यापर्यंत कोणत्याही गावात हीच कथा. आजोबा जाऊन वीस वर्षे झाली, सातबारा अजून त्यांच्याच नावावर. भाऊ तोंडी वाटणीने कसतात. थोरल्याचा शब्द चालतो तोवर ठीक. तो गेला की बांध कोरला जातो, मोजणी येते, दावा लागतो. मयताच्या नावावर पीककर्ज मिळत नाही, नुकसानभरपाई अडकते. चार एकर कोरडवाहूच्या दाव्यात वकिलाची फी निघते, वारसाच्या हाती काही पडत नाही.

वडील धडधाकट आहेत, घाई कशाला, असे म्हणणाऱ्यांनी 30 सप्टेंबर 1993 ची पहाट आठवावी. सास्तूर परिसरात त्या भूकंपाने कोणाचे वय विचारले नव्हते.

वडिलोपार्जित जमीन वाटायची तर जमीन महसूल संहितेच्या कलम 85 खाली सर्व सहधारकांनी संमतीने तहसीलदारांकडे अर्ज करावा. वाटणीपत्र नोंदवायचे असेल तर शेतजमिनीसाठी त्याची नोंदणी फी माफ करण्याचा निर्णय मंत्रिमंडळाने मे 2025 मध्ये घेतला आहे. खर्चाची सबब आता चालणार नाही.

सर्व म्हणजे मुलीसुद्धा. 2005 च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच जन्मसिद्ध हक्क मिळाला. 2005 साली वडील हयात नसले तरी तो हक्क जात नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 11 ऑगस्ट 2020 रोजी सांगितले. राखीला साडी द्यायची आणि हक्कसोडपत्रावर सही घ्यायची, याला माया म्हणत नाहीत. ती राजीखुशीने सोडत असेल तर तिचा निर्णय. आधी हक्क तरी तिला समजावून सांगा.

स्वकष्टाची जमीन आणि वडिलोपार्जितातला आपला हिस्सा यांचे मृत्युपत्र करता येते. त्याला दोन साक्षीदारांच्या सह्या लागतात. नोंदणी सक्तीची नाही, तरी करावी. साक्षीदार घेताना ज्याला काही मिळणार आहे तो नको. बँकेच्या खात्यावर वारसदार म्हणून नाव लावले, म्हणजे तोच पैशाचा मालक झाला असे नव्हे, हेही ध्यानात ठेवा.

आता म्हाताऱ्यांसाठी. सगळे देऊन हात रिकामे करू नका. आपल्यापुरता तुकडा मरेपर्यंत नावावर ठेवा. बक्षीसपत्र केलेच तर सांभाळ करण्याची अट त्यात लिहून घ्या. ती मोडली तर 2007 च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या कलम 23 खाली प्रांताकडच्या न्यायाधिकरणाला ते रद्द ठरवता येते. अट लिहिलेली नसेल तर भांडण अवघड होते.

आणि घरच्या लक्ष्मीचे काय? शरद जोशींनी लक्ष्मीमुक्तीची हाक दिली तेव्हा गावोगावच्या शेतकऱ्यांनी बायकोच्या नावे जमीन केली. जिने आयुष्यभर कापूस वेचला, तिला म्हातारपणी पोराच्या दारात ताटासाठी थांबावे लागू नये, एवढाच त्याचा अर्थ आहे.

मृत्यू झालाच असेल तर तीन महिन्यांत तलाठ्याकडे, म्हणजे आताच्या ग्राम महसूल अधिकाऱ्याकडे, वारसनोंदीचा अर्ज द्या.

येत्या बैठकीला येताना प्रत्येकाने आपला सातबारा आणि आठ-अ आणावा. ज्यांच्या उताऱ्यावर मयताचे नाव आहे, त्यांची यादी गावानेच करावी आणि सगळ्यांनी मिळून तहसीलवर जावे.