सरासरीत न दिसणारी उपासमार

आहारविकार म्हटले की सडपातळ दिसण्याच्या हव्यासापायी अन्न टाळणाऱ्या शहरी मुली डोळ्यांसमोर येतात. 'अॅनोरेक्सिया नर्व्होसा' हा मानसिक आजार आहे आणि त्यावर मानसोपचार आवश्यकच आहेत. भातकुली तालुक्यात कापूस वेचणाऱ्या मजूर स्त्रीचा त्याच्याशी संबंध काय, असे कोणीही विचारील. कारणे भिन्न आहेत, यात शंका नाही. परंतु अन्न का मिळाले नाही, याची चौकशी शरीर करीत नाही. आहार दीर्घकाळ फारच अपुरा पडला की मेंदूकडून बीजकोशांना मिळणारे संकेत मंदावतात आणि पाळी अनियमित होते वा थांबते. जर्मन नाकेबंदीमुळे १९४४-४५ च्या हिवाळ्यात नेदरलँड्समध्ये दुष्काळ पडला, तेव्हा बहुसंख्य स्त्रियांची हीच गत झाली. काही महिन्यांनी तेथील जन्मसंख्याही घसरली.

नित्याच्या अर्धपोटी जिण्यात पाळी चालू राहते, गर्भही राहतो; मात्र रक्तक्षय, अकाली प्रसूती व कमी वजनाचे मूल यांचा धोका वाढतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांमधील रक्तक्षयाचे प्रमाण २०१५-१६ मधील ४८ टक्क्यांवरून २०१९-२१ मध्ये ५४ टक्क्यांवर गेले.

दांडेकर व रथ यांनी १९७१ साली दारिद्र्याचे मोजमाप दरडोई २२५० उष्मांकांच्या आधारे केले. त्या मोजमापाचे महत्त्व निर्विवाद आहे. तथापि दरडोई सरासरी घराच्या उंबरठ्याशीच थांबते. सर्वांना वाढून उरेल त्यावर भागवणारी स्त्री तीत दिसत नाही. त्यातून भातकुली हा खारपाणपट्ट्याचा तालुका. विहिरीच्या खाऱ्या पाण्यावर भाजीपाला पिकवणे कठीण. तो विकत घ्यावा लागतो. पैशाची चणचण भासली की पहिली कात्री तिच्याच ताटाला लागते.

१९७५ साली सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास योजनेतून गर्भवतीला शिधा मिळतो. परंतु घरी गेलेला शिधा साऱ्या घराचा होतो. याच जिल्ह्यातील मेळघाटात, आदिवासी क्षेत्रासाठीच्या अमृत आहार योजनेखाली, गर्भवती व स्तनदा मातांना अंगणवाडीत एक वेळचे शिजवलेले जेवण देण्याची तरतूद आहे. भातकुली त्या क्षेत्राबाहेर आहे. रक्तक्षय मात्र क्षेत्राची सीमा पाहून येत नाही.

तेव्हा शिजवलेल्या जेवणाची ही सोय खारपाणपट्ट्यातील मजूर मातांनाही मिळाली पाहिजे. तेवढ्यानेही भागणार नाही. गर्भाच्या मेंदूचा व मज्जारज्जूचा पाया पहिल्या चार आठवड्यांतच घातला जातो, पुष्कळदा स्त्रीला दिवस गेल्याचे कळण्यापूर्वीच. म्हणून पोषणाची काळजी शाळा-महाविद्यालयांतील मुलींपासूनच घ्यावयास हवी. मुलीची पाळी तीन महिने चुकली, तर तिच्या ताटात काय पडते, हा प्रश्नही तपासणीत विचारला गेला पाहिजे.